ओढ्यातले पाणी घरात

आजचा धडा माशांचा आहे. खायच्या माशांचा नव्हे, बघायच्या माशांचा.

मासा काय बघायचा, असे कोणी म्हणेल. आपण ओढ्याकाठची माणसे. लहानपणापासून मासे बघत आलो. पण खरे सांगा, आपण मासा बघितला तो कुठे? एक तर जाळ्यात तडफडताना, नाही तर कालवणात. जिता मासा श्वास कसा घेतो, रात्री कुठे टेकतो, अंडी कुठे चिकटवतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? काठावरून फक्त त्याची पाठ दिसते. काचेतून सगळा मासा दिसतो.

शहरात लोक काचेची पेटी घेतात आणि तीत दुकानातले रंगीत मासे ठेवतात. मुंबईला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्यानंतर कित्येक वर्षे गावाकडचा माणूस मुंबईला गेला, की राणीची बाग आणि मत्स्यालय बघून यायचा. आपल्याला दुकानाची गरज नाही. मासे आणि पाणवनस्पती आपल्या ओढ्यात, तळ्यात आहेत. पण त्या आणायच्या कशा, किती आणायच्या, आणि काय मुळीच आणायचे नाही, हे कळले पाहिजे. आम्हाला ते पहिल्यांदा कळले नव्हते. म्हणून आधी आमचीच चूक सांगतो.

सात मासे

एका गावात आम्ही रात्रीचा वर्ग चालवत होतो. वर्गात लोणच्याची एक मोठी रिकामी बरणी होती. पोरांनी ओढ्यात फडके धरून सात मासे पकडून आणले. आम्ही बरणी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली. मासे सोडले. वर मूठभर भात टाकला. सगळ्यांना मोठा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही मासे पोट वर करून तरंगत होते.

वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, मासं पाण्यात बुडून मेलं व्हय?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आजींचे बोलणे खोटे नव्हते. मासा पाण्यातसुद्धा गुदमरतो.

आपण हवा घेतो, तशी माशालाही हवा लागते. ती पाण्यात विरघळलेली असते. मासा तोंडाने पाणी घेतो आणि गालामागच्या कल्ल्यांतून सोडतो. कल्ले उघडून बघा, आत लाल झालर दिसेल. ती झालर पाण्यातली हवा टिपून घेते. पाण्यात हवा शिरते ती वरच्या उघड्या अंगाने. बरणीचे तोंड अरुंद, त्यात ती काठोकाठ भरलेली. हवा शिरणार कुठून? सात माशांनी होती तेवढी रात्रीत संपवली. उन्हाळ्यात तर जास्तच जपावे लागते, कारण तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते.

दुसरी चूक नळाच्या पाण्याची. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल पावडर टाकते. ती टाकलीच पाहिजे, नाही तर गावात पटकी आणि कावीळ येईल. पण ज्या औषधाने जंतू मरतात त्याच औषधाने माशाची नाजूक झालर भाजून निघते. नळाचे पाणी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवावे. औषध उडून जाते. मग ते माशाला चालते.

तिसरी चूक मूठभर भाताची. भात कुजला. कुजताना त्यानेही हवा खाल्ली. पाहुण्याला आग्रह करावा तसा आम्ही माशाला केला! माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे धरा, म्हणजे चुकणार नाही.

पाणी आधी मुरवा

काचेची पेटीच हवी असे नाही. जुनी दगडी डोणी असेल तर फार उत्तम. पसरट तोंडाचा टब चालतो. डोणीत मासा वरूनच दिसतो, एवढीच उणीव. पेटी घेणार असाल तर तिचे वजन ध्यानात घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत दोन घनफूट पाणी मावते. ते होते सुमारे ५७ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजन ५७ किलो. वर वाळू, दगड आणि काच. फळकुटावर ठेवाल तर मध्यरात्री घरात ओढा वाहील. पेटी भक्कम आणि सपाट जागी ठेवा. भरल्यावर उचलू नका, काच तडकते.

सकाळचे कोवळे ऊन तासभर यावे. दुपारचे ऊन नको. त्याने पाणी तापते आणि हिरवे होते.

ओढ्याची जाड वाळू आणा. धुवा. पुन्हा धुवा. वरचे पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. तळाशी तीन बोटे थर द्या. वर ओढ्यातलेच चारदोन दगड ठेवा, ते मात्र घासू नका. का ते सांगतो.

मासा खातो तशी घाणही करतो. पाण्यात त्या घाणीचे विष होते. गोठ्यात मुताचा जो उग्र वास डोळ्यांना झोंबतो, तसलेच ते विष असते. ओढ्यात ते साठत नाही, वाहून जाते. आणि दगडावर, वाळूवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते त्याचे खत करून टाकतात. ते खत वनस्पती खाते. सगळे जंतू वाईट नसतात, विरजणातले जंतू आपण मुद्दाम राखतो की नाही? तसेच हे. न घासलेल्या दगडावर त्यांचे विरजण असते. पण दही एका रात्रीत लागते, हे विरजण लागायला महिनाभर जातो. म्हणून आधी वाळू, दगड, पाणी आणि वनस्पती ठेवा. आठवड्याने दोन मासे आणा. महिन्याने आणखी. ५७ लिटरच्या पेटीत बोटाएवढे पाचसहा मासे पुरे झाले.

पाणी सगळे कधीच बदलू नका. आठवड्याला चौथा हिस्सा काढा आणि मुरवलेले नवे घाला. काढलेले पाणी परसातल्या मिरचीला टाका. मिरची खूष होते.

हिरवे सोबती

वनस्पती शोभेसाठी नाही. उजेडात ती पाण्यात हवा सोडते, आणि लहान माशाला लपायला जागा देते. रात्री मात्र तीही हवा घेते. म्हणून दाटी करू नये.

तळ्यात शेवाळ म्हणून आपण जे ओढून काढतो त्यात दोनतीन निराळ्या जाती असतात. एकीच्या दांड्याभोवती बारीक पाने चक्रासारखी बसलेली असतात. ती चटकन लागते. वीतभर लांबीचे सातआठ तुकडे वाळूत खोचले तरी पुरे. दुसरी कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार. तिला मूळच नसते, ती नुसती पाण्यात सोडावी. तिसरीची पाने फितीसारखी लांब, वाहत्या पाण्यात केसांसारखी हलतात. ही मुळासकट उपटावी लागते. ती वाळूत लावताना बुंध्याचा पांढरा भाग वर राहू द्या. तो पुरला तर कुजते.

आणलेली वनस्पती थेट माशांत टाकू नका. चांगल्या पाण्यात खळबळून घ्या. मग दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा आणि बादलीवर जुन्या मच्छरदाणीचे फडके बांधा, नाही तर डास अंडी घालतील. या दिवसांत कोण कोण बाहेर येते ते बघा. जळू निघते, गोगलगाय निघते. चतुराची अळी निघते. चतुर हवेत किती गोजिरवाणा! पण त्याची अळी पाण्यातली वाघीण असते. लहान मासा धरून खाते.

एक वनस्पती आणायची नाही. सातारा भागातल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वायतुरा नावाचे रोप फुलते. एका दांड्यावर दोन तुरे येतात. ते सह्याद्रीच्या थोड्याच पठारांवर उगवते, जगात दुसरीकडे कुठे नाही. खाली कंद असतो. कंद उपटला की त्या जागेचे झाड गेले. आणि पठारावरचे ते रोप पेटीत रमत नाही. मग न्यायचे तरी कशाला?

कोणता मासा आणावा

नावे गावागणिक बदलतात. म्हणून खुणा सांगतो.

चांदीसारखा, बोटापेक्षा लहान, अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे आणि एक शेपटीजवळ. हा मासा काटक असतो आणि चारपाचांच्या घोळक्यात सुखी राहतो. दुसरा दांडवण, सडपातळ, तोंडापासून शेपटीपर्यंत काळी रेघ. तिसरा वरच्या पाण्यात राहणारा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका. अंधारात दिवा घेऊन ओढ्यावर गेलात तर हे ठिपके चांदण्यांसारखे दिसतात. तो डासांच्या अळ्या टिपून खातो. आमचा सर्वांत आवडता हाच.

मरळ आणू नका. पिल्लू फार देखणे असते, पण मोठे झाले की शेजाऱ्यांना गिळते आणि झाकण नसेल तर उडी मारून जमिनीवर पडते. शिंगटीचा काटा हाताला लागला तर रात्रभर ठणकतो. मळ्या दगडाला चिकटून राहतो. त्याला खळाळते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात तो कुढून मरतो. कासवाचे तर नावच नको. आपल्या नद्यांतली कासवे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. घरात ठेवले तर गुन्हा होतो.

मासा आणायला पहाटे जावे. पाणी थंड असते. तारेच्या कड्याला मच्छरदाणीचे कापड शिवले की झोळी झाली. माशाला कोरडा हात लावू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप म्हणजे त्याचे कातडे झाकणारी गोधडी. ती निघाली की बुरशी लागते. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा ठेवून तोंड बांधा. घरी आल्यावर पिशवी तशीच पेटीत तरंगू द्या. वीस मिनिटांनी तोंड उघडून पेटीतले पाणी वाटी वाटीने पिशवीत घाला, मग मासा सोडा. पोरांना एकटे ओढ्यावर पाठवू नका. शेतात फवारणी झाली असेल, तर पुढे पाऊस होऊन पाणी वाहून जाईपर्यंत त्या ओढ्याचे काहीही आणू नका.

डोहाची गोष्ट

आता जे सांगायचे आहे ते नीट वाचा. लागले तर दोनदा वाचा.

त्याच गावात पुढे एका एप्रिल महिन्यात शहरातून एक व्यापारी आला. रंगीत मासा दिला तर नगावर पैसे देतो, म्हणाला. ओढा आटला होता. पाणी उरले होते ते एका डोहात. दोन तरुणांनी डोहाला जाळे लावले आणि एका दिवसात डोह पुसून काढला. पिशव्या भरल्या. निम्मे मासे एसटीच्या फाट्यावरच मेले. त्या पोरांना पैशाची नड होती, त्यांना नुसता दोष देऊन आम्हाला मोकळे होता येत नाही. मासे कसे पकडावे ते त्यांना आमच्याच वर्गात कळले होते.

पाऊस आला, ओढा भरला. पण त्या वर्षी चढणीचे मासे चढले नाहीत. दुसऱ्या वर्षीही अगदी थोडे दिसले. आजी म्हणाल्या, "कणगीतलं बी खाल्लं, तर पेरायचं काय?"

असे का झाले? उन्हाळ्यात सगळ्या ओढ्याचे मासे डोहात येऊन राहतात. तीच पुढच्या सालाची बियाण्याची कणगी. पहिल्या पुराबरोबर मासे वर चढतात, बारीक ओहोळांत, भाताच्या खाचरांत अंडी घालतात. तेव्हा माशांचे पोट अंड्यांनी भरलेले असते. डोह उपसला तर बियाणे गेले, चढण मारली तर पेरणी गेली. भादव्यानंतर ओढा पिल्लांनी भरलेला असतो. त्यातली पाचसहा घरी आणली तर ओढ्याला कळतही नाही.

जुन्या लोकांनी हे ओळखले होते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वाडा तालुक्यात वैतरणा नदीवर तिळसे आहे. तिथल्या डोहातले मोठे महाशीर मासे देवाचे मानतात. कोणी पकडत नाही. खालीवर नदीत मासा कमी झाला, तरी तिथे तो टिकून आहे.

सह्याद्रीतच दक्षिणेला, केरळ आणि कर्नाटकाच्या नद्यांत, एक मासा आहे. अंगावर काळा पट्टा आणि वर तांबडी रेघ. व्यापारी त्याला मिस केरळ म्हणतात. परदेशच्या पेट्यांसाठी तो इतका पकडला गेला, की केरळ सरकारला २००८ साली त्याच्या पकडण्यावर बंधने घालावी लागली. तोही कुणाच्या तरी ओढ्यातला साधा मासा होता.

आमच्या गावाने मग ग्रामसभेत ठरवले, होळीपासून पोळ्यापर्यंत डोहात जाळे टाकायचे नाही. ते मोडणारे निघाले, भांडणेही झाली. पण ठराव टिकला.

परत सोडताना

पेटीचा कंटाळा आला, तर पुष्कळ लोक काय करतात? मासे नदीत सोडतात. वाटते, पुण्य केले. मासा ज्या डोहातून आणला त्याच डोहात सोडला, आणि तो दुकानातल्या माशांबरोबर राहिलेला नसला, तर ठीक. दुसऱ्या पाण्यात सोडला तर त्याच्याबरोबर रोगही जातो.

दुकानातला मासा तर कधीच सोडू नये. काच साफ करणारा म्हणून एक काळा, खवल्यांचे चिलखत घातलेला मासा विकतात. तो दक्षिण अमेरिकेतला. विकताना बोटाएवढा, पुढे हातभर होतो. लोकांनी कंटाळून सोडला, तो कोलकात्याच्या पूर्वेकडच्या तळ्यांत माजला. तिथल्या कोळ्यांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. आफ्रिकेची चिलापी १९५२ साली आपल्या देशात मुद्दाम आणली. खायला आणली, हेतू वाईट नव्हता. आज उजनीच्या जलाशयात कोळ्याच्या जाळ्यात किती चिलापी येते ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा. आरोग्य खाते हौदात सोडायला गप्पी मासे देते. ते हौदातच ठेवावेत, ओढ्यात नकोत. ओढ्यात डोक्यावर ठिपक्याचा आपला मासा तेच काम करतो.

वनस्पतींचेही तसेच. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी लोकांनी बागेत लावायला दक्षिण अमेरिकेतून आणली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालात आली. आता आपली पंचगंगा आणि पवना तिने झाकून जाते, आणि यंत्रे लावून ती काढावी लागते. पेटीतली जादा वनस्पती उन्हात कडक वाळवा आणि खताच्या खड्ड्यात टाका. नाल्यात टाकू नका.

आजींनी वर्गातली बरणी मागून नेली नाही. त्यांच्या गोठ्याशेजारी दगडी डोणी होती, ती त्यांनी नातवाकडून घासून घेतली. भादव्यात ठिपक्याचे चार मासे आणले. माशांना काय घालता, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "काय बी न्हाई. डासच येत्यात अंडी घालाया." पुढच्या पावसाळ्यात वनस्पतीच्या पानांना बाजरीच्या दाण्याहून बारीक, पारदर्शक अंडी चिकटलेली दिसली. आजींनी आम्हाला बोलावणे धाडले. आम्ही बिनचष्म्याने बघत होतो, आम्हाला काही दिसेना. त्यांनी बोट ठेवून दाखवले. अंड्याच्या आत दोन काळे डोळे हलत होते.

वहीत लिहा

१. तुमच्या गावच्या ओढ्यात कोणते मासे आहेत? नावे लिहा आणि प्रत्येकाची एक खूण लिहा. घरात कोणी म्हातारे असतील तर त्यांना विचारा. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची माहिती छापली, तेव्हा मळ्यासारखी कोळ्यांच्या तोंडची नावे त्याने घेतली. जगभरच्या शास्त्राच्या पुस्तकांत ती आजही आहेत.

२. उन्हाळ्यात तुमच्या ओढ्याचे पाणी कुठे टिकते? त्या डोहाचे नाव काय?

३. दहा वर्षांपूर्वी दिसत होता आणि आता दिसत नाही, असा एखादा मासा आहे का? तो शेवटचा कुठे पाहिला?